शंभर वर्षांची तोटी

"या घरात आता जे बसंल ते शंभर वर्षं हलणार नाही!" कृष्णरावांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. आवाज खणखणीत होता, उजवा हात आभाळाकडे होता, कमरेला ओला पंचा आणि डोक्यावर साबणाचा फेस होता. न्हाणीचा पडदा, म्हणजे चार बांबूंना बांधलेलं जुनं धोतर, शेजारच्या बकरीनं नुकताच ओढून नेला होता. बकरी आता कुंपणापाशी उभी राहून त्याचा काठ चघळत होती. घोषणा ऐकून तिनं एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

हे चौऱ्याऐंशी सालचं. करडी गावात वीज येऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती अधूनमधून असायचीही. कृष्णराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी भंडारा जिल्ह्यातले तराजू तपासले आणि त्यातून त्यांचं एक मत तयार झालं: जड ते खरं, हलकं ते लबाड. हे मत त्यांनी भांड्यांना लावलं, बैलांना लावलं आणि जावयालाही लावलं. जावई अंगानं सडपातळ होता. त्याचं त्यांच्याशी शेवटपर्यंत जमलं नाही.

पण पक्कं न्हाणीघर बांधायचं ते काही बकरीसाठी नव्हतं. ते सत्यभामाबाईंसाठी होतं. चाळीस पावसाळे बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोवणी करून त्यांच्या हाताची बोटं आखडली होती. मूठ मिटेना. गडवा भरून डोक्यावर ओतणं जमेना. मागच्या थंडीपासून सून ललिताबाई त्यांना आंघोळ घालायची.

"सून गुनाची हाय," सत्यभामाबाई म्हणायच्या, "पन आंग माहं हाय. मले एकडाव आतून कडी लावून, आपल्या हातानं आंघोळ करू द्या. बाकी काई मांगत नाही मी."

बायकोनं काही मागितल्याचं कृष्णरावांना त्याआधीचं आठवत नव्हतं. म्हणून त्यांनी हे काम खात्याच्या शिस्तीनं हाती घेतलं. विहिरीवर मोटर बसली. छपराशेजारी सिमेंटची टाकी चढली. गवंडी जागेश्वरनं चार भिंती आणि टिनाचं दार उभं केलं. बसायच्या दगडाच्या वर, बसल्या बसल्या हात पोचेल अशा उंचीवर, पाईप बाहेर काढून ठेवला. राहिली फरशी आणि राहिली तोटी.

तोटी घ्यायला ते वजनाचा ताणकाटा खिशात घालून साकोलीला गेले. तुमसर आणि भंडारा जवळ पडलं असतं. पण तिथले सगळे दुकानदार त्यांना ओळखत होते, आणि ती ओळख दुकानदार विसरले नव्हते. साकोलीच्या भैय्यालालचा तराजू मात्र एका तपासणीत बरोबर निघाला होता. त्या धक्क्यातून कृष्णराव अजून सावरले नव्हते.

भैय्यालालनं काउंटरवर तोट्या मांडल्या. चकचकीत, आरशासारख्या. कृष्णरावांनी त्यातली एक उचलली, बोटावर लटकवली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं तिला टक्कन मारलं. भंडाऱ्याकडचा माणूस पाणी भरायचा पितळेचा गुंड घेताना असाच घेतो. ठोकायचा, कान लावायचा, नाद किती वेळ टिकतो ते मोजायचं. नाद लांबला तर पितळ चोख.

"आवाज नाही याले," कृष्णराव म्हणाले.

"साहेब, तोटी हाय हे. बजावायची नसते, खोलायची असते."

कृष्णरावांनी ताणकाट्याला तोटी अडकवली. "सव्वातीनशे ग्राम! तोटी हाय का कानातलं?"

"आता पानी काय वजन पाहून येते का, साहेब?"

"भैय्यालाल, तुहा काटा खरा हाय म्हणून तुले माफ केलं," असं म्हणून कृष्णराव निघाले ते थेट भंडाऱ्याच्या एस. टी.त बसले.

भंडाऱ्यात ईश्वर नावाचा ओतारी होता. पितळ वितळवून साच्यात ओतायचं हे त्याचं घरचं काम. जन्मभर त्यानं गुंड आणि घंगाळं ओतली होती, तोटी कधी ओतली नव्हती. पण कृष्णरावांचा निर्धार पाहून तो नाही म्हणाला नाही. महिन्याभरानं त्यानं जी वस्तू दिली तिचं वजन दोन किलो सातशे ग्राम भरलं. ठोकली तर ती इतका वेळ नाद देत राहायची, की तेवढ्यात घोटघोट करून चहा संपायचा. करडीत ती आल्यावर चार दिवस माणसं ठोकायला येत होती. पाटलांचे केशवराव तर दोनदा येऊन गेले.

"याले म्हणते तोटी," केशवराव म्हणाले. "देवळात लावा, नाही तं घरात."

जागेश्वरनं भिंतीत लोखंडी पट्टी टाकून ती बसवली आणि ठोकून पाहिली. भिंतही वाजली.

पहिल्या दिवशी सत्यभामाबाई आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. मग काहीच आला नाही. कृष्णराव बाहेर कान देऊन उभे. बराच वेळ गेला. आतून एकदा बांगड्या वाजल्या, एकदा दम टाकल्यासारखं झालं. मग कडी उघडली. सत्यभामाबाई बाहेर आल्या. कोरड्याच होत्या. तळहात लाल झाले होते.

"वाजते लय छान," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे न पाहता बोलल्या, "ललिता, गडवा घेऊन ये."

त्या पुन्हा जुन्या दगडाकडे निघाल्या. तिथं बांबूंना आता नवं धोतर लावलेलं होतं. कृष्णरावांना त्यांची पाठ दिसली. तीस वर्षांत पुष्कळ दुकानदार त्यांच्यापुढून मान खाली घालून गेले होते, पण अशी पाठ त्यांनी पाहिली नव्हती.

ते न्हाणीत शिरले. तोटीला दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला लावून जोर केला. उघडली. मग बंद करायला जागेश्वरला बोलवावं लागलं, आणि तोवर टाकी रिकामी झाली.

"साहेब," जागेश्वर निथळत म्हणाला, "टिकंल मात्र. कोनी खोललीच नाही तं झिजंल कायले?"

कृष्णरावांनी त्या दिवशी जेवताना मनाशी हिशेब मांडला. तोटीचं वजन घेतलं, नाद घेतला. जो हात ती फिरवणार होता तो एकदाही हातात घेऊन पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताणकाटा खिशात घातला, सवयीनं, आणि दारातून बायकोला हाक मारली.

"गोपीचंदची माय, चाल साकोलीले."

"मी कायले? मले काय समजते त्यातलं?"

"तपासनी तू करायची. मी नुसता संगं राहीन."

"मंग तोंड बंद ठेवसान?"

"ठेवीन."

"भंडाऱ्यापावतो का साकोलीपावतो?"

"परत येऊस्तवर."

भैय्यालालनं साहेबांना बाईसोबत येताना पाहिलं आणि आधी खुर्ची पुसली. सत्यभामाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. "बाबू, एक बालटी पानी दे, आन् साबन दे," त्या म्हणाल्या. त्यांनी आखडलेले हात साबणानं बुळबुळीत केले आणि काउंटरवरच्या तोट्या एकेक करून फिरवायला घेतल्या. फुलीच्या मुठीची तोटी फिरली नाही. गोल मुठीची निसटली. मोरासारख्या तोंडाची एक होती. तिला तर त्यांनी हातच लावला नाही. "याच्या पिसात मळ बसंल. खरडत कोन बसंल?"

नऊ तोट्या झाल्या. भैय्यालालनं डोकं खाजवलं आणि माळ्यावर चढून धुळीनं भरलेलं एक खोकं खाली आणलं. "हे दवाखान्यासाठी मागवलं होतं, माय. डॉक्टर लोक हात न लावता कोपरानंच खोलते, बंद करते. दोन जास्तीच्या आल्या, कोनी घेत नाही. म्हणते, घरात दवाखान्यासारखं दिसते."

तोटीला वीतभर लांब दांडी होती. सत्यभामाबाईंनी मनगट टेकवलं. दांडी सरकली. कोपर लावलं, परत आली. त्यांनी तसंच चार वेळा केलं आणि पाचव्यांदा केलं ते केवळ बरं वाटलं म्हणून.

"आता खोलून दाखव."

"खोललीच ना, माय!"

"तसं नाही. तिचं पोट खोलून दाखव."

भैय्यालालनं पाना लावून तोटी मोकळी केली. आत एक रबराची चकती निघाली.

"हे झिजंल. मंग?"

"मंग साकोलीले या, देतो."

"दर वेळी दोन एस. ट्या बदलून? आमच्या गावात सायकल दुरुस्तीवाला हाय, त्याच्यापाशी भेटंल का?"

भैय्यालालचा काटा खरा होता, तसा तोही. "जुन्या टायरातून कापून टाकली तरी चालते, माय," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू."

"बांध मंग."

कृष्णरावांचा हात खिशातल्या ताणकाट्याकडे गेला. सत्यभामाबाईंनी नुसतं पाहिलं. हात रिकामाच बाहेर आला.

फरशीच्या दुकानात कृष्णरावांच्या मनात पांढऱ्या चकाकत्या टाइल्स होत्या, पण तोंड बंद होतं. सत्यभामाबाईंनी चप्पल काढून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या टाइलवर पाय ठेवला, लगेच काढला, आणि खरबरीत दगडी फरशी पसंत केली. "कुंच्यानं घासली की झालं," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं सगळं बसलं. ईश्वरची तोटी जागेश्वरनं जनावरांच्या टाक्यावर लावली. तिथं ती कोणी उघडत नाही, पण म्हशी शिंग घासतात तेव्हा छान वाजते.

आणि मग तो दिवस आला. सत्यभामाबाई कोरडं लुगडं घेऊन आत गेल्या. कडी लागली. ललिताबाई सवयीनं गडवा घेऊन आली आणि आता या हातांचं काय करावं ते न कळून तशीच उभी राहिली. केशवराव मुद्दाम आले होते. आतून पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. परत थांबला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा ललिताबाईनं गडवा खाली ठेवला आणि पदरानं डोळे टिपले.

कृष्णराव ताठ झाले. "पाहा केशवराव," ते म्हणाले, "मानसानं वस्तू निवडावी ती अशी. वजन पाहू नये, नाद पाहू नये. हात पाहावा. दुरुस्ती पाहावी. विचार करून केलेलं काम म्हणजे असं, की त्यात शंभर वर्षं कोनाले बोट ठेवाले जागा..."

"अवो!" आतून हाक आली.

कृष्णराव दारापाशी धावले.

"काय वो? बंद होत नाही का?"

"होते न. लय मस्त होते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पन तेवढा भिंतीले एक खिळा ठोकून द्या न. कवाची लुगडं धरून उभी हाय."