काटेरी शेपटीचा राखणदार

मंगळवारी सकाळी विमलाच्या मेथीचे दोन वाफे कुणीतरी भादरून ठेवले होते, आणि तो कुणीतरी कोण हे विमलाला बघताक्षणी कळलं. तिने हातातली कुदळ तिथेच टाकली, पदर खोचला आणि कुडाकडे तोंड करून सुरुवात केली.

"भावजीनू, तुमच्या बकऱ्येक माझीच मेथी दिसता? सगळ्या आरेत गवात नाय?"

पलीकडून धोंडू दात घासता घासता वर आला. "बकरी कालपासना बांदलेली आसा गो! दावा बघ जावन!"

"दाव्याक काय इचारू? ता तुमच्याच बाजूचा सांगतला."

"सकाळीच माझ्या तोंडाक लागू नको हां विमला."

"मगे बकऱ्येक माझ्या वाफ्याक लागू नको म्हणान सांगा!"

धोंडू चूळ भरून आत गेला. विमलाने त्या आत जाण्यातही कबुली वाचली. तिचा स्वभावच तसा. दूध नासलं तर दूधवाल्याच्या आधी तिला शेजारीण आठवायची.

ही वस्ती मुंबईतल्या आरे कॉलनीत, म्हशींच्या तबेल्यांच्या एका युनिटच्या पाठीमागे. दहाबारा घरं, बहुतेक मालवणकडची. गिरणी बंद पडल्यावर लवू, म्हणजे विमलाचा नवरा, इथल्या तबेल्यात शेण काढायला लागला, आणि त्याच शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहून विमलाने घरामागच्या मुरमाड उतारावर परडं उभं केलं. माठ, मेथी, मुळा, कुडावर पडवळ, कोपऱ्यात अळू. पस्तीस वर्षांत त्या मुरमाची अशी माती झाली होती की मुठीत धरली तर चुरून पडायची. विमला दुसऱ्या कुणाला तिथे निंदणीसुद्धा करू देत नसे.

आता त्या परड्यावर कागद आला होता. जागा रिकामी करून द्या आणि मानखुर्दला खोली घ्या, असा. सही लवूची हवी होती, आणि ती सोमवारच्या आत. मुलाला, निलेशला, ती खोली हवी होती. तो घाटकोपरला सासऱ्यांच्या एका खोलीत राहत होता आणि बायकोला, ऋतिकाला, सातवा महिना लागला होता. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याने कागद लवूच्या पुढ्यात ठेवला. लवू "बघूया" म्हणाला. लवूचं "बघूया" म्हणजे होय की नाही, हे चाळीस वर्षं संसार करून विमलालाही उमगलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ऊन असं पडलं होतं की पडवळाचे वेल माना टाकून बसले होते. विमला पाणी घालायला गेली आणि दगडांच्या राशीवर तिला ते जनावर दिसलं. हातभर लांब, वाळल्या मातीच्या रंगाचं, तोंड बोथट आणि म्हाताऱ्यासारखं. शेपूट मात्र मक्याच्या कणसासारखी, फक्त दाण्यांच्या जागी काटे. तोंडाच्या कडेला मेथीचं पान चिकटलेलं होतं. एक मागचा पाय ते जरा ओढत होतं.

विमलाने गावी घोरपडी पाहिल्या होत्या, सरडे पाहिले होते, नागाला दूधही ठेवलं होतं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. आणि जे कुठलंच नाही, ते आपण होऊन येत नाही. कुणीतरी आणून सोडतं. ती तिथेच उभी राहून माणसं मोजायला लागली. गेल्या आठवड्यात टेप घेऊन जागा मोजायला आलेले ते दोघे. तबेल्यातला नवा मुकादम, जो तिच्याकडे कधी सरळ बघत नसे. आणि कालच्या भांडणावरून धोंडू. धोंडूला तर देवापुढे घालायची गाऱ्हाणी येत होती, मंत्रही येत असणार.

"अवो, हय येवा आदी! कोणी करणी केल्यान बघा!"

लवू आला. जनावराकडे त्याने बराच वेळ बघितलं. त्याला नवल कसं ते वाटलं नाही.

"आरडू नको," एवढंच म्हणाला. "आसांदे."

"आसांदे काय? मेथी खाता ता!"

"खावंदे."

नवऱ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून तिने निलेशला फोन लावला. "झिला, परड्यात एक जनावर इलाहा. सरड्यासारखा, पण मोठा. माका बरा लक्षाण दिसणा नाय."

"टेन्शन घेऊ नको ना आई. चावत नाही तो. शेपटीचे काटे लागतात फक्त, हात नको लावू. मी येतो उद्या, बघतो काय ते."

तिला बरं वाटलं. मुलाला काळजी आहे म्हणून फोन ठेवून ती तांदूळ निवडायला बसली. अर्धं सूप निवडून झालं आणि तिचा हात थांबला. काट्यांचं आपण बोललो होतो का? तिने सगळं बोलणं पहिल्यापासून मनात म्हणून बघितलं. मोठा म्हणाले, सरड्यासारखा म्हणाले. काटे आपल्या तोंडून निघालेच नव्हते.

ती रात्र तिने कूस बदलत काढली. आयुष्यभर तिने सगळ्या जगावर संशय घेतला होता, पण पोटच्या पोरावर कधी नाही. हा संशय गिळवेना आणि थुंकवेना. लवूला सांगावं तर त्याचा निलेशवर जीव. म्हाताऱ्याचं काळीज फाटेल, या भीतीने ती गप्प राहिली.

गुरुवारी निलेश आला तो मोबाइल हातात घेऊनच. जनावर राशीवर ऊन खात होतं. धोंडूही कुडावरून वाकून बघत होता.

"बाबा, हा सांडा. वाळवंटातला काटेरी सरडा," निलेश म्हणाला. "याला टोटेम म्हणतात. म्हणजे आपलं देवक असतं ना, तसं. हा ज्याच्या दारात येतो ना, त्याच्यासाठी संदेश आणतो. ऐका." आणि तो वाचायला लागला. "'काटेरी सरडा सांगतो, जुन्याला धरून बसू नका. कात टाका. ज्या भूमीने दिलं तिचे आभार माना आणि नव्या भूमीकडे चला.' बघितलं? सोमवारच्या आधीच आला. योगायोग नाही हा."

"वाळवंटातला जनावर आरेत कसा इला?" विमलाने विचारलं. "बस पकडून?"

निलेशने तिच्याकडे बघितलं नाही. "आई, स्पिरिटचं असतं ते. तुला नाही कळणार."

"आमचा देवक कळंब. झाडाचा. माका तेवढा कळता."

धोंडूने कुडावरून मान हलवली. "लवू, झिल सांगता ता खरा आसात हां. घरात काटो इलो तर घर सोडूचा लागता, असा माझो आजो म्हणायचो."

निलेशचा चेहरा उजळला. लवू असल्या गोष्टींना मानणारा माणूस होता. मांजर आडवं गेलं तर तबेल्यात अर्धा तास उशिरा जाणारा. आता लवू कागद मागणार आणि अंगठ्यासारखी वेडीवाकडी सही करून मोकळा होणार, असं विमलाला वाटलं.

लवूने डोक्यावरची टोपी काढली. तो जनावरासमोर उकिडवा बसला. त्याची सावली पडली तसं जनावर राशीखाली उकरलेल्या बिळात शिरलं आणि आतून पायांनी माती लोटून त्याने बिळाचं तोंड बंद करून घेतलं.

"बघलास?" लवू म्हणाला. "दार लावन घेतल्यान."

"म्हणजे काय बाबा?"

"झिला, कुंपणाक काटे कित्याक लावतत?"

"कित्याक म्हणजे... कोण आत येऊ नये म्हणून."

"मगे? ज्याच्या अंगार काटे, तो सोड म्हणान सांगता काय राख म्हणान? ह्यो राखणदार. जाग्याचो राखणदार इलो आपल्या. शनवारी राखण देवची लागतली. धोंडू, गाऱ्हाणा तू घालूचा."

आता कोकणातल्या माणसाला एकदा राखणदार, म्हणजे जागा सांभाळणारा देव, म्हटलं की पुढे बोलायला जागा उरत नाही. धोंडूने आजोबाचं म्हणणं तिथल्या तिथे गिळलं आणि कान पकडून बिळाकडे हात जोडले. निलेशने मोबाइल खिशात टाकला. त्याने आणलेल्या देवाने त्याचीच वाट लावली होती.

शनिवारी दुपारी राखण द्यायला सगळी वस्ती परड्यात जमली. बिळासमोर सारवलं, नारळ ठेवला, कोंबडा दिला. निलेशही आला होता, कारण सोमवार जवळ आला होता आणि त्याने आशा सोडली नव्हती. धोंडूने घसा साफ केला.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुका राखण देतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यार कोणाची वाकडी नजर आसात, कोणी काय सोडला आसात, हाडला आसात, ता त्येच्या वाटेन परत धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विमला निलेशकडे बघत होती. त्याच्या तोंडून "व्हय" निघालं नाही.

गाऱ्हाणं संपल्यावर कोंबड्याची कलेजी आणि भात केळीच्या पानावर बिळासमोर ठेवला. माणसं लांब झाली तसं जनावर बाहेर आलं. त्याने पानाला वळसा घातला, पाय ओढत माठाच्या वाफ्यात गेलं आणि शांतपणे पाला खायला लागलं.

"राखणदार माळकरी दिसता," धोंडू म्हणाला, आणि वस्ती हसली. निलेश मात्र हसला नाही.

"बाबा, बस झालं. एका सरड्यासाठी तुम्ही खोली सोडताय?"

"मी खय सोडतंय? राखणदार धरून बसलो हा. त्येचो शब्द मोडूक माझी छाती नाय."

निलेश न जेवता निघाला. विमला त्याच्या मागोमाग बस थांब्यापर्यंत गेली. रस्त्यावर दोघंच होती. दोन्ही बाजूंचं रान दुपारच्या उन्हात गप्प उभं होतं.

"खयसून हाडलंस ता?" तिने विचारलं.

"काय?"

"काट्याचा मी बोलूक नव्हतंय फोनवर."

त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "फुटपाथवर सांड्याचं तेल विकणारा बसतो एक. त्याच्या पेटीत होता. विकत द्यायला तयार नव्हता, खूप मागे लागलो तेव्हा दिला. मला वाटलं, बाबा घाबरतील आणि सही करतील. आई, ऋतिका स्वतःच्या वडिलांसमोर पडदा धरून कपडे बदलते गं. बाळ आल्यावर कुठे झोपवू मी त्याला? तुला तुझी मेथी दिसते. मला ते दिसतं."

विमलाला रागवायचं होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो बाजूला झाला. बस आली आणि तो चढला. खिडकीतूनही त्याने वळून बघितलं नाही. विमला मेथी वाचल्याचा आनंद शोधत होती, पण तो काही हाताला लागला नाही.

घरी लवू पाटावर बसून होता. वडे गार झाले होते. विमलाने ताट मांडलं आणि गप्प राहायचं ठरवूनही तिला राहवेना.

"अवो, एक सांगू? रागावशात नाय मां?"

"झिलान सोडल्यान ता. माका ठावक आसा."

तिने पळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळली.

"आयतवारी मी शेणाची गाडी घेवन येत होतंय. तो पिशयेतसून ता राशीर सोडीत होतो. बघलंय मी."

"आणि तुमी गप ऱ्हवलास? गावभर राखणदार केलास?"

"सोमवार गेलो काय सर्पमित्राक बोलावतंय. ता जनावर आपल्या मुलखाक जाईत. हयल्या ओलीत ता जगूचा नाय."

"माका त्येचा नाय इचारूचा! झिलाक तोंडार कित्याक नाय सांगलास, सही करणंय नाय म्हणान?"

लवूने वडा मोडला. "मी नाय म्हटलंय आसतंय तर तो माझ्यार रागावलो आसतो. आता देवार रागावलो हा. देवार रागावलेलो माणूस परत येता, विमला. बापाशीर रागावलेलो येणा नाय."

विमला त्याच्या समोर बसली. सगळ्या जगावर संशय घेताना हा एक माणूस तिने कायम वगळला होता. भोळा म्हणून, देवभोळा म्हणून. तिला गिरणी बंद पडली ते साल आठवलं. ती तेव्हा नवी नवरी होती आणि मुंबईत तिचा जीव लागत नव्हता. गावी गेल्यावर मी इथेच राहते म्हणून ती रडली होती. लवू तिच्यावर एक शब्द रागावला नव्हता. देवळात जाऊन त्याने देवाला कौल लावला, आणि बाहेर येऊन सांगितलं की डावा कौल मिळाला, म्हणजे देव नाही म्हणतो, मुंबईलाच जा. ती वर्षभर त्या देवावर रुसली होती.

"अवो," तिने हळूच विचारलं, "तेवा माझ्या येळेक तुमी कौल लावलास, तो देवान खराच डावो दिलेल्यान?"

लवूने भातात आळं केलं आणि ताट पुढे सरकवलं.

"रस्सो वाढ," तो म्हणाला.