मालनबाईंचा टिफिन

लग्न होऊन श्रुतिका दिंडोशीच्या घरात आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट तिच्या कानाला लागली. सासूबाई डब्याला डबा म्हणत नसत. सिद्धेश ऑफिसला निघाला की आतून हाक येई, "टिफिन घेतलंस?" पिठाचा डबा त्यांच्या लेखी पिंप होता, मसाल्याचा डबा म्हणजे मिसळण, आणि लाडवांचा डबा म्हणजे नुसतं 'ता लाडवांचा'. गाडीच्या डब्यालासुद्धा त्या 'लेडीज' म्हणून मोकळ्या होत. बाकी सगळं बोलणं कुडाळकडचं, मुंबईत चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढूनही न पुसलेलं. पण एवढ्या एका बाबतीत इंग्रजी.

"तुझी आई एवढी मॉडर्न कशी रे?" तिने एकदा सिद्धेशला विचारलं.

"लहानपणापासून ऐकतोय. गिरणगावातली स्टाइल असेल. बाबापण टिफिनच म्हणायचे, आईसमोर."

त्यातलं 'आईसमोर' श्रुतिकाने तेव्हा कानाआड केलं. ती स्वतः मुलुंडची, सरळ डबा म्हणणारी. तिने डबा म्हटलं की मालनबाई हातातलं काम पटकन बदलत.

गार्गी पाच महिन्यांची असताना तिला सर्दी झाली. पावसाळा सरत आला होता, गणपती तोंडावर होते आणि कॉलनीतली निम्मी पोरं शिंकत होती. डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब दिले, साधी सर्दी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंनी नातीला तेल लावायला पायांवर घेतलं आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"पोट बघ गो तिचा. उडताहा."

"बाळांचं पोट हलतंच ना आई, श्वास घेताना."

मालनबाईंनी वाद घातला नाही. अंगडंही न घालता त्यांनी गार्गीला दुपट्यात गुंडाळलं आणि सुनेच्या हातात दिलं. "रिक्षा कर. जा," एवढंच म्हणाल्या.

काय झालंय ते त्या बोलल्या नाहीत. देवीच्या साथीला 'बाई आल्या' म्हणणाऱ्या आयांनी वाढवलेली ही पिढी. लहान पोराच्या आजाराचं नाव उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं.

हॉस्पिटलमध्ये त्याचं नाव घेतलं गेलं. ब्राँकिओलायटिस. छातीतल्या बारीक नळ्या सुजतात, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. यावर औषध असं फारसं नसतं. ऑक्सिजन द्यायचा, दूध नळीने द्यायचं, नाक साफ ठेवायचं आणि वाट बघायची.

"किती दिवस?" श्रुतिकाने विचारलं.

"ते ती ठरवेल," गार्गीकडे बघत त्या म्हणाल्या.

श्रुतिका रडली नाही. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती माल वेळेवर पोचवण्याचं काम बघत असे. ट्रक अडकला की आरडाओरडा करून तो सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथेही ती तशीच वागली. दुपट्यांच्या घड्या घातल्या, चार्जर कुठे लावायचा ते बघून ठेवलं, कोणती सिस्टर हळू हाताने नळी घालते ते लक्षात ठेवलं. आणि तिने एक युक्ती शोधून काढली. अख्ख्या गार्गीकडे एकदम बघायचं नाही. आता तळपाय बघायचा, ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा लावलेला. मग गालावरची चिकटपट्टी बघायची. मग बरगड्यांखाली पडणारा खड्डा, तो मात्र जास्त वेळ नाही. असं सुटं सुटं बघितलं की ते कोणाचंही बाळ वाटायचं, आणि कोणाच्याही बाळाजवळ बसता येतं.

बाळाजवळ एकच माणूस चाले. त्याच्या गळ्यात पिवळा पास असे आणि खाली वॉचमन तो बघितल्याशिवाय लिफ्टकडे वळू देत नसे. मुलुंडला श्रुतिकाची आई स्वतःच खोकत होती, तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सिद्धेश ऑफिसला जाताना जेवण आणून देई आणि येताना रिकामी भांडी नेई. मालनबाई मात्र एकदाही आल्या नव्हत्या.

"गुडघे दुखतायत म्हणते," सिद्धेश म्हणाला.

"रिक्षा दारात येते आणि दारात सोडते."

"आता मी काय करू? उचलून आणू?"

"नको. विचारलं फक्त."

घरात सगळ्यांत आधी ओळखणारी बाई, आणि बघायला येत नाही. श्रुतिकाने ते मनात एका बाजूला ठेवून दिलं, सवडीने बघू म्हणून.

त्या दिवशी सकाळपासून गार्गीचं काही खरं नव्हतं. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा वर चढे आणि लगेच घसरे. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, त्यांनी ऑक्सिजनचा जोर वाढवला. "संध्याकाळपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "दमायला लागली तर वर आयसीयूत न्यायचं. कदाचित श्वासाचं मशीन लावावं लागेल." श्रुतिकाने मान हलवली. आणलेल्या जेवणाला तिने हातही लावला नव्हता.

दुपारी मालनबाईंचा फोन आला. शेजारच्या कॉटवरचं बाळ किंचाळत होतं, सिस्टर ट्रे घेऊन गार्गीकडे येत होती.

"आता काय आसा गो?" मालनबाईंनी विचारलं.

रोज दुपारी त्या जेवणाचीच चौकशी करत. उरलंय काय, पाठवू काय. श्रुतिकाला वाटलं, तेच.

"डबा आहे, आई. आता काही करू नका," ती म्हणाली आणि सिस्टरला जागा द्यायला फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने वॉचमन स्वतः वर आला. "मॅडम, खाली एक आजी आल्यात. पास नाही म्हटलं तर पायरीवरच बसल्यात. तुमचं नाव सांगतायत."

सिस्टर म्हणाली, "जा तुम्ही, मी आहे."

मालनबाई खरंच पायरीवर बसल्या होत्या. अंगावर घरातला गाऊन, वरून कुठलीशी ओढणी. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानाही साडी बदलणारी बाई. श्रुतिकाने हाताला धरून त्यांना बाकावर बसवलं.

"खय आसा ती?" त्यांनी विचारलं.

"वर आहे. काय झालं, आई?"

"तूच सांगलंस फोनवर. आसा म्हणून. आणि काय करू नको म्हणून."

"मी जेवणाचं म्हटलं. डबा आहे, आणखी काही करू नका, असं."

मालनबाईंनी ओढणीने तोंड पुसलं. "जेवणाचा," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हाला काय वाटलं?"

समोरच्या मेडिकलवाल्याने शटर अर्धं ओढलं आणि तो जेवायला गेला. मग मालनबाई बोलल्या, भिंतीकडे बघून, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशा.

सिद्धेशच्या आधी त्यांना एक मुलगा होता. लग्न होऊन त्या नुकत्या गावाहून आल्या होत्या. काळाचौकीला चाळीत खोली, नवरा गुणाजी गिरणीत. पोराला खोकला झाला आणि पोट उडायला लागलं. गावाकडे त्याला पोट उडणं म्हणत, दुसरं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शेजारी वनमालाबाई राहायच्या, साताऱ्याकडच्या. त्या दारात आल्या, पोराला बघितलं आणि म्हणाल्या, डबा हाय, बिगी बिगी घेऊन जा.

"आणि ह्यांचो डबो चुलीकडे भरून ठेवललो," मालनबाई म्हणाल्या. "माका वाटला, ती गिरणीचा सांगता. भोंगो झालो, डबो पोचवूक उशीर झालो, असा. मी झिलाक नणंदेकडे दिलंय आणि गिरणीच्या गेटार गेलंय. पळत गेलंय गो."

"परत आल्यावर?"

"परत इलंय तेव्हा वनमाला दारातच हुबी. म्हणता, पोरगं कुठाय? कुठल्या दवाखान्यात ठेवलंस?"

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, श्रुतिकाने विचारलं नाही. गिरणगावच्या त्या चाळींत कोकणातले, घाटावरचे असे सगळे एका नळावर भांडत आणि एकमेकींची पोरं सांभाळत. भाषा तेवढी प्रत्येकीने आपल्या गावाहून गाठोड्यात बांधून आणलेली असे. वनमालाबाईंचं काही चुकलं नव्हतं. लहान मुलांच्या त्या आजाराला त्यांच्याकडे डबाच म्हणत. पोट डब्यासारखं फुगतं म्हणून.

"सिद्धेशला माहीत आहे?" श्रुतिकाने विचारलं.

"कशाक? त्याका टिफिन वेळेर मिळालो की झाला."

श्रुतिकाला हसू आलं, त्या जागी, त्या दिवशी. मालनबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"म्हणजे ता नाय ना हिका? खरा सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या बाईला एका शब्दाने एवढी वर्षं फसवलं, तिला आणखी एका शब्दाने फसवणं श्रुतिकाच्या जिवावर आलं.

"तेच आहे, आई. डॉक्टर दुसरं नाव घेतात, पण आहे तेच. बरगड्यांखाली खड्डा पडतो, पोट उडतं. तुम्ही तेल लावताना बघितलंत ना, तेच."

मालनबाईंची पकड सुटली नाही.

"आता त्यावर ऑक्सिजन देतात," श्रुतिका म्हणाली. "नळीने दूध देतात. दर थोड्या वेळाने बघतात."

"देतत?"

"दिलाय. तुम्ही जा म्हणालात त्याच सकाळी लावला. उशीर नाही झाला."

हे शेवटचं ती काही ठरवून बोलली नव्हती. पण बोलल्यावर तिने गळ्यातला पिवळा पास काढला आणि सासूच्या गळ्यात घातला. गार्गीजवळून उठवत नाही म्हणून आंघोळीलासुद्धा ती पळत जाऊन पळत येत होती.

"तू?"

"एकच माणूस चालतो. मी इथे बसते."

"माका त्या मशीनीतला काय कळता?"

"मशीन सिस्टर बघेल. तुम्ही पोट बघा."

मालनबाई लिफ्टमध्ये गेल्या. वॉचमनने पासकडे बघितलं, गाऊनकडे बघितलं आणि लिफ्टचं दार लावून दिलं. बाकावर बसल्यावर श्रुतिकाच्या लक्षात आलं की इथून गार्गीचा तळपाय दिसत नाही, चिकटपट्टी दिसत नाही, खड्डा दिसत नाही. तुकडे करायला काहीच नव्हतं. डोळ्यांसमोर आली ती अख्खी गार्गी, दुपट्यात गुंडाळलेली, तेलाने माखलेली. मेडिकलवाला जेवून परत आला तेव्हा ती ओढणीत तोंड घालून रडत होती. ओढणी सासूबाईंची, बाकावरच राहिलेली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. रोजचंच असावं त्याला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. गार्गी दमली नव्हती, तिला वर हलवलं नाही. लगेच बरी झाली असंही नाही. ऑक्सिजन कमी करत, पुन्हा वाढवत, पुन्हा कमी करत आणला. गणपतीला गावी जायची तिकिटं रद्द झाली. आता पासाची वाटणी ठरून गेली होती, दुपारी मालनबाई, बाकी वेळ श्रुतिका. दुपारी मालनबाई कॉटशेजारी साडी नेसून बसत आणि मशीनकडे पाठ करून नातीचं पोट बघत.

एका सकाळी नळ्या निघाल्या. गार्गीने स्वतः दूध ओढलं, अर्धं बाहेर काढलं, आणि सिस्टर म्हणाली, आता घरी न्या हिला.

रजा संपल्यावर श्रुतिका पुन्हा अंधेरीला जायला लागली. पहिल्या दिवशी चपला घालता घालता तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, माझा टिफिन झाला का?"

मालनबाई बाहेर आल्या. काखेत गार्गी, हातात स्टीलची गोल भांडी एकावर एक लावलेली.

"टिफिन काय गो?" त्या म्हणाल्या. "मराठी इसारलंस काय?"

श्रुतिकाने हात पुढे केला. मालनबाईंनी तो तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. दोघींचेही हात कडीवर होते.

"डबो आसा," त्या म्हणाल्या. "घेऊन जा बिगी बिगी. बस चुकात."