नावाड्याचे शब्द

माझा दीर शिंपी आहे, पण रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की तो देव होतो. कापड बेतायच्या टेबलावर खडूने नद्या, डोंगर, राज्यं आखतो, खेळणाऱ्या आम्हा प्रत्येकाचं पात्र म्हणून एकेक बटण मांडतो आणि फासे टाकून कोण जगणार, कोण मरणार ते ठरवतो. एरवी गिऱ्हाइकाला वेळेवर पाटलोण देणं जमत नाही, ते सोडा.

त्या जगातल्या खालच्या खोऱ्याला स्वतःची बोली आहे. ती बहुतेक सगळी माझ्या नवऱ्याने घडवली. खेळात तो नावाडी होता, कोटाचं मोठं तपकिरी बटण. नदीला, भुकेला, थट्टेला, सगळ्याला त्याने शब्द केले आणि टेबलाशी आम्ही तेच बोलायचो. नियमही त्याचाच: शब्द ज्या पात्राने आणला, ते पात्र मेलं की तो शब्द पुन्हा कुणी उच्चारायचा नाही. "शब्द हवे असतील तर माणसं जपा," म्हणायचा. म्हणून तर एकदा नावाडी पुरात सापडला तेव्हा जावेने आपली राणी पणाला लावली होती.

गेल्या वर्षी नवरा खरोखरच गेला. खेळात मात्र नावाडी जिवंत होता. त्याचं बटण काठावर नुसतं बसून असायचं. मला तेवढं पुरे होतं. घरीही त्याचा एक शब्द उरला होता, 'ओरुमा'. नाव काठाला लागली, सगळे सुखरूप, असा अर्थ. कामावरून आला की तो दारातून तेच ओरडायचा. आता लेक ओरडते, आणि मी आतून 'ओरुमा' म्हटल्याशिवाय ती चपला काढत नाही.

परवाच्या रविवारी दिराने एका मित्राला आणलं. विमा विकतो तो. खोऱ्याला नावाडी एकच असतो, आणि या पाहुण्याला नावाडीच व्हायचं होतं. दिराने फासे टाकले, नीट पाहिलेही नाहीत. "वादळ आलं, नाव बुडाली," म्हणाला आणि तपकिरी बटण उचलून दुकानाच्या बटणांच्या डब्यात टाकलं.

मी म्हटलं, "ठीक आहे. मग आजपासून त्याचे शब्द बंद."

"वहिनी, असं कसं?" दीर हसला. "मग बोलायचं काय? राहू देत, सवयीचे झालेत."

"नियम त्याचा आहे."

"जाऊ द्या ना ताई," जाऊ म्हणाली. तीच, राणी पणाला लावणारी. "माणूसच गेला, आता शब्दांचं काय धरून बसायचं?"

"अगं, नियम माणसासाठीच होता!"

विमेवाल्याने विचारलं, "पोचल्यावर काय म्हणायचं असतं?" दिराने सांगितलं. तो गडी दोन्ही हात वर करून ओरडला, "ओरुमा!" सगळे हसले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य मेला आणि औषधाची बाटली यांनी ठेवून घेतली.

मी उठले आणि डबा उपडा केला. याच दुकानात रोज काजं-बटणं करते मी. पण कोटाची तपकिरी बटणं मूठभर निघाली आणि त्यातलं त्याचं कुठलं ते मलाही ओळखता येईना. "वहिनी, पसारा नका करू," दीर म्हणाला. मी पिशवी उचलून घरी आले.

संध्याकाळी लेक खेळून आली. दारातून नेहमीसारखी ओरडली, "ओरुमा!"

मी गप्प राहिले. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्याचा नियम पाळणारं आता माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"आई? म्हण ना." ती चपला घालूनच उंबऱ्यात उभी होती.

"हातपाय धुऊन घे," मी म्हणाले.