आवाज तपासताना

मी माइक बोलतोय. गळ्याशी चिमट्याने लावतात ना, तो शेंगदाण्याएवढा. खरं तर बोलणं हा माझा धंदा नाही. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो.

कारखान्यातून निघालो तो एका साउंडवाल्याच्या पिशवीत पडलो. सत्कार झाले, भाषणं झाली. लोक माझ्यापुढे पाठ केल्यासारखं बोलतात आणि मला काढलं की माणसात येतात. मला त्याची सवय झाली.

मग शेतकरी बायकांवर छोटी फिल्म निघाली. दिग्दर्शिका तरुण, हौशी. एका घरात काकूंच्या गळ्याशी मला लावलं. त्यांचा गोठा नुकताच रिकामा झाला होता.

"काकू, आवाज तपासतोय. काहीतरी बोला," साउंडवाला म्हणाला.

"काय बोलू?"

"मनात येईल ते."

"गाई विकल्या. मी बाजारातून आले तर गोठा रिकामा. सगळ्या माझ्या हातच्या होत्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मस्त! एकदम स्वच्छ येतोय," तो म्हणाला आणि मग त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याचं सगळं लक्ष आवाज मोजणाऱ्या काट्याकडे होतं.

तेवढ्यात काका आले आणि कॅमेऱ्यामागे खुर्ची ओढून बसले.

"घरात निर्णय कोण घेतं?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"आम्ही दोघं."

"गाई विकायचासुद्धा?"

काकूंनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. "हो. दोघांनी मिळून ठरवलं."

मी त्यांच्या छातीशीच होतो. ठोका जराही चुकला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही.

फिल्म दाखवायला मंडळी पुन्हा त्या घरी गेली. मी पिशवीत होतो. काकूंची लेक सासरहून आली होती. फिल्म संपल्यावर तिने बापाला धारेवर धरलं.

"बाबा, आईला न विचारता गाई विकल्या ना? खरं सांगा."

"मी कशाला सांगू? आत्ताच तिच्या तोंडून ऐकलंस ना? पुन्हा ऐक." काकांनी तेवढाच तुकडा परत लावायला सांगितला.

'दोघांनी मिळून ठरवलं.' आवाज खणखणीत होता. माझीच करामत.

"आई, खरंच?"

काकू कपबशा गोळा करत म्हणाल्या, "आता रेकॉर्ड झालंय ना बाई."

दिग्दर्शिका म्हणाली, "काकू किती सहज बोलल्या, नाही?"

मी अजून त्याच पिशवीत आहे. माझी वायर थोडी सैल झाली आहे, कधीतरी फेकून देतील. त्याआधी एकच मागणं आहे. माणसाला 'काहीतरी बोला' म्हणाल, तेव्हा बटण आधी दाबा.