शिंकेपर्यंतचा शॉट

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणजे काय, ते सुनेला विचारा. मांडीचं हाड जोडून सासरे घरी आले, डॉक्टर कानीकपाळी ओरडले की खाटेवर पडून राहिलात तर कायमचे खाटेचेच व्हाल, रोज बाहेर पडा. पण चाकांची खुर्ची घरात आली त्या दिवसापासून तिच्यावर फक्त टॉवेल वाळत होते. सून टॉवेल काढायची, सासरे ते परत घालायला लावायचे.

"या गल्लीतल्या प्रत्येक नाकावर मी चष्मा चढवलाय," ते म्हणायचे. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आता भाचा बघायचा. "आता मला ढकलत नेताना ते माझ्याच चष्म्यांतून बघणार. नको ती शोभा."

सून लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर घाबरट माणसांशेजारी बसून तिची सहनशक्ती चांगली पिकली होती, तरी इथे तिनेही हात टेकले होते. आतून मात्र तिचा जीव तुटायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला लांबचं दिसत नाही हे घरात फक्त सासऱ्यांनी ओळखलं होतं, आणि चकार शब्द न काढता दुकानात नेऊन चष्मा दिला होता. असा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला तिला बघवत नव्हता.

खाटेवर त्यांचा एकच उद्योग, जुने काळे-पांढरे गुन्हेगारी सिनेमे. एका रविवारी जेवणं झाल्यावर सून त्यांच्या खोलीत टेकली, खरं तर डुलकी काढायला. पडद्यावर ओव्हरकोटातला एक माणूस हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडत होता.

"झोपू नकोस," सासरे म्हणाले. "कुठे कट येतो का बघ."

माणूस बोळातून चालला. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या त्याच्या तोंडावरून सरकत गेल्या. तो भटारखान्यात घुसला, वाफेत दिसेनासा झाला, दिव्याखाली पुन्हा उगवला, मागच्या दाराने ओल्या रस्त्यावर उतरला, आणि कॅमेरा काही त्याची पाठ सोडेना. सुनेची झोप कुठल्या कुठे पळाली.

"मधे तोडलं असतं की आपण सुटलो असतो," सासरे हळूच म्हणाले. "इथे त्याच्याबरोबर आपल्यालाही जावं लागतं. आणि उजेड बघितलास? तोंड अर्धंच दाखवलंय. उरलेलं आपण घाबरून भरायचं."

"पण बाबा, कॅमेरा एवढा चालतो कसा? मी मोबाइल धरून चालले की चित्र उड्या मारतं."

"तो चालत नाही, बसून जातो. रूळ टाकून ढकलगाडीवर. आणि ज्यांना रूळ परवडत नाहीत ते..." सासरे थांबले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या टॉवेलांकडे गेली. सुनेचीही गेली. पण आता आग्रह केला तर स्वारी बिथरणार, हे ती जाणून होती.

"खुर्चीवर काही जमायचं नाही," ती जांभई देत म्हणाली. "उंबरठ्यावरच धक्का बसेल."

"ढकलणारा अडाणी असेल तर बसेल."

"मी रोज अलगद क्लच सोडायला शिकवते, बाबा."

"मग काढ ते टॉवेल," सासरे म्हणाले.

ओव्हरकोट कुठला असायला, नवऱ्याला रेनकोट चढवला. उंबरठ्यावर फळी टाकली. सासऱ्यांनी मोबाइल काळ्या-पांढऱ्यावर लावून दोन्ही हातांत धरला. नवरा संशयास्पद चेहरा करून पुढे, मागे खुर्ची: खोली, बोळ, स्वयंपाकघरातल्या किटलीची वाफ, मागचं दार, गल्ली. शिंप्याने विचारलं, "काका, काय चाललंय?" सासरे दातओठ खात पुटपुटले, "गप्प बस, शॉट चालू आहे." दुकानाच्या कोपऱ्यावर धूळ उडाली, सुनेला शिंक आली आणि खुर्ची हलली.

"सगळं पाण्यात," सासरे वैतागले. "उद्या परत."

तो 'उद्या' ऐकून सुनेने कान टवकारले. शिंक अगदी पथ्यावर पडली होती.

मग काय, रोज शॉट छान जमत यायचा आणि नेमका त्या कोपऱ्यावर सूनबाईंना शिंक यायची. नवरा रेनकोटात घामाघूम. न्हावी वर्तमानपत्र घेऊन खांबाला टेकायला लागला, कारण सिनेमात असा एक माणूस लागतोच म्हणे. सासरे त्याला खुर्चीतून दटावायचे, "उन्हाकडे पाठ कर, चेहरा नको दिसायला." घरी येऊन दोन घास जास्त जेवायचे. सुनेला इतका आनंद व्हायचा की भांडी घासताना ती गुणगुणायची.

एके दिवशी कोपरा जवळ आला. सुनेने श्वास भरून घेतला. मोबाइलवरची नजर न काढता सासरे म्हणाले, "आज जरा उशिरा शिंक. मला पुलापर्यंत जायचंय."

ती चांगलीच ओशाळली. "तुम्हाला कसं कळलं?"

"घरी मी शॉट परत परत बघतो. दुकानाच्या काचेत तू दिसतेस. शिंकताना माणसाचे डोळे मिटतात, सूनबाई. तुझे टक्क उघडे असतात, आणि हसतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"मधे तोडायचा नसतो," सासरे म्हणाले.

पुढे नवरा सवयीने कोपऱ्यावर थांबला आणि रेनकोटाची बटणं काढू लागला. "चालत राहा," दोघं एकदमच म्हणाले, आणि सुनेने खुर्ची हलक्या हाताने पुलाच्या रस्त्याला वळवली.