कारणाचा रकाना

"इथं खाली सही कर," म्हणत फोरमनने कागद दवाखान्यातल्या पलंगावर ठेवला आणि मगच त्याच्या लक्षात आलं, की कारखान्यात प्रेस मशीन चालवणाऱ्या प्रेसवाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला आहे. तीन बोटं गेली होती.

प्रेसवाला उठून बसायची धडपड करू लागला. "साहेब, माफ करा. माझ्यामुळं अख्खी लाइन बंद पडली. डोळा कसा लागला, कळलंच नाही बघा."

फोरमनला कुठे बघावं कळेना. परवा सकाळी रात्रपाळी संपवून हाच माणूस डबा घेऊन घरी निघाला होता. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता.

"अजून एक पाळी काढ," फोरमन म्हणाला होता.

"साहेब, उभ्या उभ्या झोप येतेय हो."

"तोंडावर पाणी मार. मी काय घरी लोळत पडतो का?"

चारचौघं हसले होते. प्रेसवालाही ओशाळून हसला आणि मशीनकडे परत गेला. फोरमन मात्र आदल्या रात्री घरी चांगला सात तास झोपून आला होता.

उशाशी बसलेल्या प्रेसवाल्याच्या बायकोने कागद उचलला. अपघाताचं कारण : कामगाराचा निष्काळजीपणा. अक्षर फोरमनचं होतं, वळणदार.

"यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं, झोप येतेय म्हणून?" तिने विचारलं.

"अगं, साहेबांना काय विचारतेस? गप बस," प्रेसवाला म्हणाला.

"सांगितलं होतं," फोरमन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "सांगितलं होतं त्याने."

त्याने कागद मागून घेतला. आधीचं खोडलं आणि बाजूला लिहिलं : सलग दुसरी पाळी. झोप येत असल्याचं कामगाराने सांगितलं होतं. तरी मी त्याला कामावर थांबवून घेतलं.

"साहेब, तुमच्या अंगाशी येईल," प्रेसवाला घाबरून म्हणाला.

"येऊ दे."

बायकोने ते वाचलं. नवऱ्याच्या डाव्या हातात तिने पेन दिलं.

पेन टेकलं की कागद सरकत होता. फोरमनने दोन्ही हातांची बोटं पसरून तो दाबून धरला. मग आपल्याच बोटांकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने ती आत मिटून घेतली आणि पहिलं अक्षर उमटेपर्यंत कागद मुठींनी धरून ठेवला.