माझं बटण बंद करणारे काका

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. फ्रिजला हे शोभत नाही, मला कळतं. पण ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथल्या माणसांशी तुमची गाठ पडली असती, तर तुमचंही तापलं असतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग घडवलं. आतल्या आणि बाहेरच्या भिंतींमध्ये फेस भरला. तो सुकून घट्ट झाला, म्हणून आतला गारवा आत राहतो. पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी बसवली. माझ्या पोटातली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते. तिला मोकळी हवा लागते, बाकी माझं काही मागणं नाही. ही साधी गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण आमच्या घरात ती कुणीही लक्षात ठेवली नाही.

मला घरी आणलं ते काका-काकूंनी. तेव्हा त्यांचं नवीनच लग्न झालं होतं. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, हे त्यांचं काम. काकू शिवणाच्या वर्गात कापड बेतायला शिकवायच्या, अजूनही शिकवतात. त्या काळी माझं कोण कौतुक! शेजारपाजारचे लोक नुसतं गार पाणी प्यायला यायचे. काकूंनी उरलेल्या कापडातून माझ्या डोक्यावर घालायला एक झालरीचं आच्छादन शिवलं. काका तर पाहुण्यांसमोर माझं दार उघडून आतला दिवा लागतो कसा, ते दाखवायचे. मला तेव्हा वाटायचं, या घरात आपलं सोनं झालं.

पुढे त्यांना मुलगी झाली. तिला सगळे ताई म्हणतात. ती मोठी झाली, नोकरीला लागली, घरात मोठं जेवणाचं टेबल आलं. टेबलाला जागा हवी म्हणून मला ढकलून भिंतीला अगदी चिकटवलं. पाठीच्या जाळीचा श्वास कोंडला, तिच्यावर धुळीची गोधडी साचली. दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलं आणि आतला गारवा तिथून झिरपायला लागला. मी दिवसभर घरघरत राहायचो. सगळे म्हणायचे, "हा किती आवाज करतो." का करतो, ते कुणी वाकून पाहिलं नाही.

मग काका निवृत्त झाले आणि खरी पीडा सुरू झाली.

चुका शोधायची सवय अंगात मुरलेली, आणि शोधायला पुस्तकं उरली नाहीत. अशात एकदा विजेचं बिल नेहमीपेक्षा फुगून आलं. काकांनी त्यावर लाल पेन्सिलीने गोल काढला आणि टेबलावर ठेवलं. "या घरात वीज कोण खातं, ते मी शोधून काढणार आहे," ते म्हणाले.

ते खोल्याखोल्यांतून फिरायला लागले. दिसला दिवा की बंद कर. काकू निवडत असलेल्या भाजीवरचा दिवा बंद. जिन्यातला बंद. एकदा न्हाणीघरातलाही बंद केला.

आतून ताईचा आवाज आला, "बाबा, मी आत आहे."

"मग आधी सांगायचं ना," काका म्हणाले, आणि पुढच्या खोलीकडे वळले.

वीज वाचवण्याला माझा विरोध नाही, मित्रांनो. वाचवायलाच हवी. माझा संताप वेगळाच आहे. काका सकाळी उठले की पाणी तापवायचा गीझर लावायचे. मग चहा, मग वर्तमानपत्र, मग वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुकांवर लाल खुणा. आंघोळीला जायला चांगलं ऊन वर यायचं. तोवर तो गीझर पाणी तापवतोय, ते निवतंय, पुन्हा तापवतोय. वर रोज एकच सदरा घालायचा असला तरी इस्त्री तापवायची आणि "जरा कडक होऊ दे" म्हणून तशीच ठेवायची. नखाएवढ्या दिव्यामागे धावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आंघोळीचं पाणी दिसत नव्हतं. मी भिंतीला चिकटून हे सगळं ऐकत होतो. सांगणार कुणाला?

शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली.

दुपारी घरी ते एकटेच असायचे. काकू वर्गाला, ताई कचेरीत. काकांनी विचार केला, दुपारी फ्रिज कोण उघडतं? मग तो चालू कशाला? जेवण झालं की ते माझं बटण बंद करायचे आणि आरामखुर्चीत पडायचे. दोघी परत यायच्या सुमाराला पुन्हा लावायचे. गारवा लवकर यावा म्हणून आतली गारव्याची खुंटी शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे. घरात कुणाला सांगितलं नाही. बिल कमी आलं की मगच सांगू, सगळ्या चकित होतील, असा त्यांचा बेत.

बटण बंद केलं तरी मला ऐकू येतं, कळतं. फक्त काही करता येत नाही. फाटक्या रबरातून गारवा निघून जायचा, बर्फ वितळायचा, दूध कोमट व्हायचं. मग संध्याकाळी मी जीव तोडून धावायचो, आणि खुंटी शेवटाला असल्यामुळे वरच्या फळीवर सगळं गोठवून टाकायचो. दिवसा पाणी, रात्री बर्फ. अशाने वाचलेली वीज वाचली म्हणायची का?

दूध नासलं, टोमॅटो मऊ पडले, ते एक वेळ सोडून देऊ. पण वरच्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याला लागून, एका डबीत काकूंचं औषध होतं.

काकूंना साखरेचा आजार. त्यांना रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते औषध गार ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नसतं. एकदा गोठलं की त्याचा गुण जातो, आणि मग पुन्हा वितळलं तरी तो परत येत नाही. इतकी वर्षं मी ते डोळ्यात तेल घालून सांभाळलं होतं. आता माझ्याच पोटात ते गोठत होतं आणि वितळत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो.

काकूंची साखर वाढायला लागली. त्यांना सारखी तहान लागायची. संध्याकाळी वर्गातून आल्या की माझ्या दाराला पाठ टेकून उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी ताईला सांगितलं, "आज एका मुलीचं कापड मी चुकीचं कापलं. खडूची रेघच दिसली नाही नीट. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं."

"डॉक्टरांकडे जाऊन ये, आई."

"गेले होते. ते विचारतात, पथ्य पाळता का? पाळते म्हटलं तर त्यांना खरं वाटत नाही."

काका टेबलाशी बसले होते. ते म्हणाले, "बिस्किटांचा डबा हलका लागतोय हल्ली."

तो डबा काकाच दुपारी चहाबरोबर हलका करत होते. पण खाताना त्यांचं लक्ष वर्तमानपत्रात असायचं, त्यामुळे त्यांना स्वतःलाही ते खरंच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, त्या वेळी मला एक दिवसापुरती जीभ मिळाली असती तर मी काकांना असं काही सुनावलं असतं, की ते उरलेली सगळी लाल पेन्सिल माझ्यावर झिजवत बसले असते.

त्या दिवसापासून काकू जेवताना आपलं ताट काकांना दिसेल असं ठेवायला लागल्या. काय वाढून घेतलं, किती घेतलं, ते तोंडाने सांगायच्या. "ही एकच पोळी आहे, बघा." त्यांचं ते सांगणं ऐकून मला घरघरणंही नकोसं व्हायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण वाढवलं. त्यांच्या हिशोबाने बरोबरच होतं. औषधात गुण उरलेला नाही, हे त्यांना कसं कळावं?

आणि मग जुनी बाटली संपत आली म्हणून ताईने येताना औषधाच्या दुकानातून नवी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्या नव्या बाटलीतून वाढवलेलं प्रमाण टोचून घेतलं. ही बाटली रात्रभर ताईच्या पिशवीतच राहिली होती, म्हणून गोठली नव्हती. तिच्यात पुरता गुण होता.

दुपारी मी बंदच होतो. काका खुर्चीत डुलकी घेत होते. दार वाजलं आणि ताई काकूंना धरून आत आली. काकूंचा चेहरा पांढराफटक, कपाळ घामाने भिजलेलं. वर्गात कात्री हातात असतानाच त्यांना थरथर सुटली आणि त्या खाली बसल्या होत्या. साखर एकदम उतरली होती. वर्गातल्या मुलींनी साखरेचं पाणी पाजलं, ताईला फोन केला, म्हणून बरं. जिन्यात पडल्या असत्या, रस्ता ओलांडताना पडल्या असत्या, तर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही.

ताईने त्यांना टेबलाशी बसवलं आणि फळांचा रस काढायला माझं दार उघडलं. आत अंधार. तिने फळीवर हात फिरवला. सगळं कोमट, खाली पाण्याचं थारोळं. तिने वाकून भिंतीवरचं बटण पाहिलं.

"बाबा, फ्रिज कुणी बंद केला?"

"मीच. दुपारी कोण उघडतं? रोज करतो. तुमच्या लक्षातही आलं नाही, म्हणजे बघ."

"रोज?"

"संध्याकाळी लावतो ना परत. खुंटी पूर्ण फिरवून ठेवतो. तासाभरात बर्फ होतो वर."

ताईने वरच्या फळीवरची डबी काढली. तिने जुनी बाटली खिडकीशी धरली, मग नवी धरली. नवीतलं औषध हलवल्यावर दुधासारखं एकजीव झालं. जुनीत काचेला पांढरे कण चिकटून राहिले होते. ताईने डॉक्टरांना फोन लावला, विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवला.

"हे औषध गोठून वाया गेलं होतं," ती म्हणाली. "आईने इतके दिवस नुसतं पाणी टोचून घेतल्यासारखंच होतं. म्हणून साखर वाढली, म्हणून औषध वाढवलं, आणि आज चांगलं औषध वाढीव प्रमाणात अंगात गेलं."

काका उभेच राहिले. त्यांना बसायचं सुचेना. मग काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आपल्या खरेपणाची खात्री करून घेतली, जणू मधल्या काळात त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती.

काकांनी येऊन माझं बटण लावलं. खुंटी मधोमध आणली. "मला वाटलं, मी चूक शोधतोय," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, इथे सगळं सुरळीत झालं. छे. आमचे काका दुसऱ्या टोकाला गेले. बटणाला हात लावायचीच त्यांना धास्ती बसली. दिवे भर उन्हात जळायला लागले, रिकाम्या खोलीत पंखे फिरायला लागले. शेवटी काकूच वैतागल्या. "अहो, तो दिवा बंद करा. मी दिव्यावर जगत नाही. आणि बंद करायचंच असेल तर आधी गीझर करा, सकाळपासून कोणासाठी तापतोय तो?"

काका म्हणाले, "गीझर?" इतक्या निरागसपणे म्हणाले की मला हसावं की कपाळाला हात लावावा, ते कळेना. हात असता तर लावलाच असता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघं मिळून घरभर फिरले. या वेळी प्रत्येक बटणापाशी काका विचारत होते, "हे कुणाला लागतं?" आंघोळ आधी आणि वर्तमानपत्र नंतर, असं ठरलं. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्या कपड्यांना मिळून. मला भिंतीपासून पुढे ओढलं. काकांनी स्वतः पालथं पडून माझ्या जाळीवरची धूळ काढली. दाराला नवं रबर बसवलं. किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला! माझी घरघर थांबली, बिलही उतरलं, आणि डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण पूर्वीइतकं केल्यावर काकूंची साखर ताळ्यावर आली. आता त्या कुणाला ताट दाखवत नाहीत.

मी म्हातारा झालोय, आणि माझ्या जागी कमी वीज खाणारा नवा फ्रिज आणायचं घरात चाललं आहे. आणावा. मी नाराज नाही, हिशोबच तसं सांगतो. पण मित्रांनो, जाण्याआधी तुमच्यावर एकदा चिडून घेतो. वीज वाचवा, जरूर वाचवा, मोठ्या खर्चापासून सुरुवात करा, आणि आमच्यासारख्या वस्तूंची पाठ अधूनमधून पुसा. फक्त घरातल्या माणसाला न विचारता कुठलंही बटण दाबू नका. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, हे मी समजू शकतो. पण काकूंना बोलता येत होतं. त्या रोज सांगत होत्या. त्यांचं ऐकायला तर वीजही लागत नव्हती.